कॉम्प्युटरवरचं व्हॉट्सॲप आणि आपल्या गटाचा ठराव

(सामुदायिक रेडिओवरून झालेल्या भाषणाचा मजकूर)

शिरूर आणि दौंड तालुक्यातल्या, भीमेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या सगळ्या ताई, वहिनी, काकू, मावशींना माझा नमस्कार. मी बचत गटांची समन्वयक, तुमच्यातलीच एक. कांद्याची खुरपणी चालू असेल, गुरांचं आवरत असाल, भाकरी थापत असाल, तर हात चालू राहू द्या आणि कान इकडे द्या. फक्त फोन जवळ ठेवा. बोलणं संपलं की त्यात एक गोष्ट बघायची आहे.

आजचा विषय आहे कॉम्प्युटरवर उघडलेलं व्हॉट्सॲप आणि त्याच्या सेटिंग. तुम्ही म्हणाल, आमच्याकडे कुठे कॉम्प्युटर? तुमच्या घरात नसेल. पण झेरॉक्सच्या दुकानात आहे, सेवा केंद्रात आहे, ग्रामपंचायतीत आहे, काही ठिकाणी ग्रामसंघाच्या कार्यालयातही आलाय. आणि आपलं व्हॉट्सॲप कधी ना कधी त्याच्यावर उघडलं गेलेलं असतं.

पूर्वी गटाचा कारभार पत्र्याच्या पेटीत मावायचा. वह्या, शिक्का, पासबुक आणि पेटीची किल्ली. आता अर्धा कारभार फोनमध्ये आलाय. बैठकीचा निरोप, पासबुकाच्या पानाचा फोटो, कर्जाच्या अर्जाची पीडीएफ, सगळं तिथेच. २०२४ साली ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना आली तेव्हाची धावपळ आठवा. कितीतरी बायकांनी आधारचा, पासबुकाचा, रेशनकार्डाचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर पुढे पाठवला. तिथून तो कुणीतरी कॉम्प्युटरवर घेतला आणि अर्ज भरला. अर्ज भरून झाला, पण ते फोटो गेले कुठे? कित्येक ठिकाणी ते अजून जसेच्या तसे पडून आहेत.

आधी हे चालतं कसं ते समजून घेऊ. कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲप उघडण्याची सोय २०१५ च्या जानेवारीत सुरू झाली. पडद्यावर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची एक चौकट दिसते, तिला क्यूआर कोड म्हणतात. तिच्यासमोर आपला फोन धरायचा, की आपलं व्हॉट्सॲप तिथे दिसायला लागतं. सुरुवातीला फोनचं नेट चालू असेल तरच तिकडचं चालायचं. २०२१ पासून कंपनीने ते बदलायला घेतलं. आता फोन बंद असला, रेंज नसली, तरी कॉम्प्युटरवरचं व्हॉट्सॲप चालू राहतं. एका फोनला अशी चार यंत्रं जोडता येतात. म्हणजे आपण दुकानातून निघालो, एसटीत बसलो, घरी पोचलो, तरी तिकडे आपले निरोप येतच राहतात.

एक हकिगत सांगते. गाव सांगत नाही, कुणाचं नावही घेत नाही. एका गटाच्या सचिव ताई कर्जाच्या अर्जाची प्रिंट काढायला दुकानात गेल्या. दुकानातला मुलगा म्हणाला, “ताई, इथे स्कॅन करा, फाइल घेतो.” ताईंनी स्कॅन केलं. प्रिंट निघाली, मुलाने पडद्यावरची खिडकी बंद केली, पैसे दिले, ताई घरी आल्या. खिडकी बंद झाली म्हणजे काम संपलं, असं कुणालाही वाटेल. त्याच सुमारास गटातल्या एका बाईचे दोन हप्ते थकले होते, कारण नवरा दवाखान्यात होता. तिने विश्वासाने गटाच्या ग्रुपवर तसं लिहिलं. आठ दिवसांत ती गोष्ट गावात पारावर बोलली जात होती. ती बाई बैठकीला यायची बंद झाली. बाकीच्या एकमेकींकडे संशयाने बघायला लागल्या, ‘बाहेर कुणी सांगितलं?’ म्हणून. बऱ्याच दिवसांनी कुणीतरी सचिव ताईंचा फोन नीट पाहिला, तर दुकानातला कॉम्प्युटर अजून जोडलेलाच होता. बातमी तिथूनच फुटली असं कुणी शपथेवर सांगू शकत नाही. पण दार उघडं होतं, हे खरं. गटाचा एक रुपयाही गेला नाही, तरी गट मोडायला आला होता.

हे टाळणं अवघड नाही. त्यासाठी सेटिंग म्हणजे काय हे कळलं पाहिजे, आणि ते आपल्याला आधीपासून येतं. गट सुरू झाला तेव्हा आपण काय केलं? बैठक कोणत्या वारी, बचत किती, कर्जाला व्याज किती, सही कोणाची, हे ठरवलं आणि वहीत ठराव लिहिला. मग दर महिन्याला तेच पुन्हा विचारावं लागत नाही. नवा ठराव होईपर्यंत जुना चालतो. कॉम्प्युटरचंही असंच आहे. प्रत्येक प्रोग्राम स्वतःची एक ठराव-वही ठेवतो. आवाज वाजवायचा का, फोटो आपोआप उतरवून घ्यायचा का, पुढच्या वेळी विचारायचं की सरळ उघडायचं, हे सगळं तो एका छोट्या फाइलमध्ये लिहून ठेवतो. जाणकार तिला कॉन्फिगरेशन फाइल म्हणतात. आपल्याला ती फाइल उघडावी लागत नाही. आपण सेटिंगमध्ये जाऊन खूण केली किंवा काढली, की त्या वहीत नवा ठराव लिहिला जातो.

आता महत्त्वाचं. आपण काहीच ठरवलं नाही तर वही कोरी राहते का? नाही. कंपनीने आधीच ठराव लिहून ठेवलेले असतात, आणि ते सगळ्यांच्या सोयीचे म्हणून केलेले असतात. आपल्या गटाची अडचण त्यांना कशी माहीत असणार? आपण ठराव केला नाही, तर दुसऱ्याने केलेला चालतो.

दुसरी गोष्ट, इथे एक वही नाही, दोन आहेत. काही ठराव आपल्या खात्याला चिकटलेले असतात. आपला फोटो कुणाला दिसावा, आपण शेवटचं कधी ऑनलाइन होतो ते कुणाला दिसावं, हे एकदा ठरवलं की सगळीकडे लागू होतं. पण काही ठराव त्या-त्या यंत्राचे असतात. फोनवर तुम्ही फोटो आपोआप उतरणं बंद केलं असेल, तरी कॉम्प्युटरवर ते चालू असू शकतं. फोनला तुम्ही कुलूप लावलं असेल, पण कॉम्प्युटरवरच्या व्हॉट्सॲपला त्या कुलपाचा पत्ताही नसतो. म्हणून फोन नीट केला म्हणजे सगळं झालं, असं समजू नका.

आता हातात काय करायचं ते क्रमाने सांगते. कागद-पेन्सिल असेल तर टिपून घ्या.

सगळ्यात आधी दुकानातली गोष्ट. एका कागदाची प्रिंट काढायला अख्खं व्हॉट्सॲप जोडायची गरज नसते. तेवढीच फाइल दुकानाच्या नंबरवर पाठवा. प्रिंट निघाली की तुमच्या फोनवरून तो निरोप ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ करा. निरोप पाठवल्यापासून साधारण दोन दिवसांपर्यंत हे करता येतं. मात्र दुकानदाराने फाइल कॉम्प्युटरवर उतरवून घेतली असेल तर ती तिथेच राहते. म्हणून स्पष्ट सांगा, “दादा, डाउनलोडमधून पण काढा आणि रिसायकल बिनमधून पण काढा.” रिसायकल बिन म्हणजे कॉम्प्युटरची केराची टोपली. केर टोपलीत टाकला म्हणजे घराबाहेर गेला असं नाही, टोपली रिकामी करावी लागते. सांगायला संकोच करू नका. मापात खोट दिसली तर आपण वाण्याला बोलतोच की.

आधारचा कागद द्यायचा असेल, तर जिथे चालतं तिथे मास्क्ड आधार द्या. आधारच्या सरकारी संकेतस्थळावरून ते निघतं आणि त्यावर आपल्या नंबरचे फक्त शेवटचे चार आकडे दिसतात. एकदा काढून ठेवलं की पुन्हा पुन्हा उपयोगी पडतं.

तरीही कधी व्हॉट्सॲप जोडावंच लागलं, तर तीन गोष्टी करा. एक, क्यूआर कोडच्या पानावर बारीक अक्षरात ‘स्टे लॉग्ड इन’ असं लिहून शेजारी खूण केलेली असते. तिचा अर्थ, ‘मला इथे कायम उघडं ठेव.’ परक्या कॉम्प्युटरवर ती खूण काढा. दोन, काम झालं की नुसती खिडकी बंद करू नका. तीन ठिपक्यांवर दाबून ‘लॉग आउट’ करा. तीन, दुकानाच्या पायरीवर उभं राहूनच स्वतःच्या फोनमध्ये खात्री करा.

ही खात्री कशी करायची, तेच मी सुरुवातीला म्हणाले ती गोष्ट. फोनमध्ये व्हॉट्सॲप उघडा. वर उजव्या कोपऱ्यात तीन ठिपके आहेत, ते दाबा. त्यात ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ असं दिसेल. मराठीत ठेवलं असेल तर ‘लिंक केलेली डिव्हाइस’ असं काहीसं असेल. तिथे गेलात की तुमच्या खात्याला जोडलेल्या सगळ्या यंत्रांची यादी दिसते आणि ते शेवटचं कधी चालू होतं तेही दिसतं. यादीत जे ओळखीचं नाही त्यावर बोट ठेवा आणि ‘लॉग आउट’ करा. दुकानात परत जायला नको, कुणाची परवानगी नको. फोन १४ दिवसांपेक्षा जास्त वापरलाच नाही तर जोडलेली यंत्रं आपोआप तुटतात, असा कंपनीचा नियम आहे. पण आपण तर फोन रोज वापरतो, मग तो नियम आपल्या काय कामाचा? महिन्याच्या बैठकीत हजेरी झाली की सगळ्यांनी मिळून ही यादी बघायची, एवढी सवय लावली तरी पुष्कळ.

आता ज्या ग्रामसंघाकडे स्वतःचा कॉम्प्युटर आहे, त्यांच्यासाठी. तिथे रोज जोडायचं आणि रोज तोडायचं हे जमणार नाही. व्हॉट्सॲप जोडलेलंच राहणार. मग त्या कॉम्प्युटरचे ठराव आपण करायचे.

पहिला ठराव नंबरचा. कार्यालयात कुणा एकीचा घरचा नंबर जोडू नका. तिच्या माहेरचे निरोप, मुलाच्या शाळेचे निरोप सगळ्यांसमोर कशाला? ग्रामसंघाच्या नावाचं वेगळं सिम घ्या आणि तेच जोडा.

दुसरा ठराव पडद्यावर उमटणाऱ्या निरोपांचा. कुणी बाई समोर बसून अर्ज भरत असते आणि कोपऱ्यात दुसरीचा निरोप झळकतो, ‘ताई, हप्ता भरायला जमणार नाही.’ सेटिंगमध्ये नोटिफिकेशनमध्ये जाऊन निरोपाचा मजकूर दाखवणं, म्हणजे ‘प्रिव्ह्यू’, बंद करा. निरोप आल्याचं कळेल, काय आलंय ते उघडल्याशिवाय दिसणार नाही.

तिसरा ठराव उतरवून घेण्याचा. ‘मीडिया ऑटो डाउनलोड’ म्हणून एक सेटिंग असतं. त्यात फोटो, ऑडिओ, व्हिडिओ, डॉक्युमेंट यांच्यासमोर वेगवेगळ्या खुणा असतात. त्या काढून टाका. मग ज्या फाइलवर तुम्ही दाबाल तेवढीच उतरेल. नेटही वाचेल आणि बायकांच्या कागदपत्रांचा ढीग साचणार नाही. लक्षात ठेवा, लॉग आउट केलं तरी आधी उतरवलेल्या फाइल कॉम्प्युटरवर राहतातच. त्या वेगळ्या काढाव्या लागतात.

चौथा ठराव कुलपाचा. कॉम्प्युटरला पासवर्ड ठेवाच. शिवाय व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये प्रायव्हसीखाली ‘ॲप लॉक’ मिळालं तर तेही लावा. थोडा वेळ कुणी हात लावला नाही, की ते पासवर्ड विचारतं. चहा प्यायला उठलात तरी काळजी नाही. पासवर्ड दोघींनाच माहीत असावा, आणि भिंतीवर चिकटवू नका.

पाचवा ठराव पदाधिकारी बदलाचा. अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष बदलल्या की आपण बँकेत सह्या बदलतो. त्याच दिवशी पासवर्ड बदला, जुनी जोडलेली यंत्रं तोडा आणि ग्रुपची ॲडमिन बदला. हे जुन्या ताईंवरचा अविश्वास म्हणून नाही. उद्या काही झालं तर बोट त्यांच्याकडे जाऊ नये, म्हणून.

ग्रुपचंही एक सेटिंग सांगते. आपल्या भागात ग्रुपवर खरोखर तातडीचे निरोप येतात. अमक्या वस्तीवर बिबट्या दिसला, नदीला पाणी सोडलंय, शेतीपंपाची लाइट आज रात्रीची आहे. शिरूरच्या उसाच्या पट्ट्यातल्या बायकांना बिबट्याचा निरोप वेळेवर मिळणं म्हणजे काय, हे मी सांगायला नको. पण हे निरोप सुप्रभातच्या फुलांखाली दबून जातात, आणि मधेच कुणी जुना व्हिडिओ टाकून आजचाच म्हणून सांगतं. त्यासाठी दोन ग्रुप करा. एक सूचनांचा, त्यात सेटिंग असं ठेवा की फक्त ॲडमिन निरोप टाकू शकेल. दुसरा गप्पांचा. दोन्हींत नवीन माणूस ॲडमिनच्या मान्यतेशिवाय येणार नाही, असंही ठेवता येतं. आणि कुणाचा हप्ता थकला, कुणाच्या घरात काय झालं, हे कोणत्याच ग्रुपवर नको. ते बैठकीत, समोरासमोर बोलायचं. बैठकीत कोण बसलंय ते दिसतं. ग्रुपवर कुणाच्या खांद्यावरून कोण वाचतंय ते दिसत नाही.

आता जरा नाजूक बोलते. जोडलेलं यंत्र प्रत्येक वेळी दुकानातलंच असतं असं नाही. कधी घरातलंच कुणी बाईच्या नकळत तिचं व्हॉट्सॲप आपल्याकडे जोडून घेतं आणि ती माहेरी काय बोलते, मैत्रिणीशी काय बोलते ते वाचत राहतं. त्याला फक्त दोन मिनिटं तिचा फोन हातात मिळावा लागतो. फोनला स्क्रीन लॉक असेल, तर नवीन यंत्र जोडताना व्हॉट्सॲप तो लॉक किंवा बोटाचा ठसा मागतं. म्हणून फोनला लॉक असणं हा तुमचा हक्क आहे, त्यात लपवाछपवी काही नाही. पण ज्या घरात मारहाण आहे, धाक आहे, तिथे घाईने यंत्र तोडू नका. तोडलं की समोरच्याला कळतं. आधी विश्वासाच्या बाईशी प्रत्यक्ष भेटून बोला, किंवा दुसऱ्या फोनवरून १८१ या महिला हेल्पलाइनला फोन करा.

शेवटची सावधगिरी फसवणुकीची. चोर आता दुकानात बसत नाही. तो ओळखीच्याच नंबरवरून निरोप पाठवतो, ‘हा तुमचा फोटो बघा.’ दाबलं की एक पान उघडतं आणि तुमचा मोबाइल नंबर मागतं. नंबर टाकला की आठ अक्षर-आकड्यांचा कोड दिसतो आणि तो व्हॉट्सॲपमध्ये टाकायला सांगतात. तो कोड टाकणं म्हणजे चोराच्या कॉम्प्युटरला आपलं व्हॉट्सॲप जोडून देणं. या प्रकाराला घोस्टपेअरिंग असं नाव पडलंय. त्यात तुमचा फोन नेहमीसारखा चालू राहतो, म्हणून संशयच येत नाही. मग तुमच्या नावाने गटातल्या बायकांना ‘अडचण आहे, पाच हजार पाठव’ असे निरोप जातात. कळीचं एकच लक्षात ठेवा. कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲप जोडायला तुम्ही स्वतः बसला नसाल, तर कोणतीही चौकट स्कॅन करायची नाही आणि कोणताही कोड टाकायचा नाही. टाकलाच गेला असेल, तर लगेच त्या यादीत जा, ‘लॉग आउट’ करा आणि गटातल्या सगळ्यांना फोन करून सांगा. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा. हा सायबर फसवणुकीचा सरकारी नंबर आहे. जितका लवकर फोन, तितके पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत इतिवृत्ताच्या वहीत हे चार ठराव लिहून घ्या. दर महिन्याला सगळ्यांनी जोडलेल्या यंत्रांची यादी बघायची. प्रिंटसाठी फाइल पाठवायची, व्हॉट्सॲप जोडायचं नाही. थकबाकी आणि घरच्या गोष्टी ग्रुपवर टाकायच्या नाहीत. पदाधिकारी बदलले की पासवर्ड आणि ॲडमिन बदलायचे. सूचक कोण, अनुमोदक कोण, तेही लिहा आणि खाली सगळ्यांच्या सह्या घ्या.

गटात एखादी मावशी असेल जिला वाचता येत नाही, तर तिच्या फोनची यादी तिच्या शेजारी बसून तिला दाखवा. तिच्या हातातून फोन काढून घेऊन करू नका. तिचंच बोट तीन ठिपक्यांवर ठेवू द्या. पुढच्या महिन्यात ती स्वतः करेल आणि तिसऱ्या महिन्यात दुसरीला शिकवेल. आपण सही करायला अशाच शिकलो.

आता हातातलं काम बाजूला ठेवा, फोन उघडा आणि ती यादी बघा. नमस्कार.